‘तसलं नाही ठेवत आम्ही’

आज संध्याकाळी सांगलीतल्या एका वाचनालयात रांगेत उभं असताना जे बघितलं त्यानं डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक ठोकून पुढं जावं.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी. पाठीला क्लासची सॅक, हातात वाचनालयाचं कार्ड. काउंटरवरच्या काकांना हळूच विचारते, "काका, व्हॅम्पायरचं काही आहे का?" काकांनी मानसुद्धा वर केली नाही. "तसलं नाही ठेवत आम्ही. चरित्रं बघ की, तिकडं आहेत." तेवढ्यात रांगेतले एक सद्गृहस्थ मदतीला धावले. इंग्रजीच्या कपाटातून 'ड्रॅक्युला' उपसून तिच्या हातात कोंबलं. "हे वाच. ओरिजिनल आहे. बाकी सगळा कचरा." मुंगीएवढी अक्षरं, पिवळी पानं. तिनं मधूनच कुठंतरी उघडलं, दोनेक मिनिटं ओठ हलवत वाचलं आणि पुस्तक तसंच पालथं टाकलं. जाताना सामान्य ज्ञानाचं पुस्तक घेऊन गेली.

सामान्य ज्ञान! व्हॅम्पायर मागायला आलेली पोर!

आधी त्या 'तसलं'चा समाचार घेऊ. मराठी माणसानं भुताच्या गोष्टीला नाक मुरडावं? आपल्याकडं वेताळ पंचविशीवर पिढ्या वाढल्या. राजा प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून चाललाय, प्रेतात शिरलेला वेताळ त्याला कोडी घालतोय, राजा बोलला की प्रेत परत झाडावर. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात हे आहे, म्हणजे चरित्रांच्या कपाटातल्या बहुतेक मंडळींपेक्षा जुनं. रिचर्ड बर्टन नावाच्या साहेबानं १८७० मध्ये या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकलं. तो घोळ आजतागायत चालू आहे. वेताळ कुणाचं रक्त पीत नाही. उलट शेवटी राजाला त्या कपटी जोग्यापासून तोच वाचवतो. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक चपलांचे जोड वाहतात. काउंट ड्रॅक्युलाला कोण चपला वाहायला गेलंय?

आपली भुतं मुळातच वेगळी. मुंजाची मुंज झालेली असते आणि लग्न राहिलेलं असतं, समंधाचा जीव जमिनीत नाहीतर पैशात अडकलेला असतो, गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा नुसता रात्रभर फिरवतो. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलंय. ते मिळालं की जातात. व्हॅम्पायरचं काही राहिलेलं नसतं, त्याला फक्त भूक असते. आणि तो तुमच्या परवानगीनं घरात येतो. म्हणून 'पिशाच' किंवा 'रक्तपिपासू' असे शब्द लावले की निम्मी मजा जाते. व्हॅम्पायरला व्हॅम्पायरच म्हणा. टेबलाला आपण टेबलच म्हणतो.

आता ते सद्गृहस्थ. राग खरा त्यांच्यावर आहे. काकांनी दार लावलं, यांनी दार उघडून पोरीला जिन्यावरून ढकललं.

'ड्रॅक्युला' १८९७ चं पुस्तक आहे, सत्तावीस प्रकरणांचं. सगळं डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्राची कात्रणं यातून सांगितलेलं. पहिली चार प्रकरणं, म्हणजे वकील जोनाथन हार्करची किल्ल्यातली डायरी, आजही वाचताना हात गार पडतात. पाचव्यापासून गोष्ट एकदम इंग्लंडात जाते, मैत्रिणींची पत्रं सुरू होतात, आणि सहाव्यात व्हिटबी गावच्या बाकड्यावरचा एक म्हातारा यॉर्कशरच्या गावठी बोलीत पानंच्या पानं बोलतो. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही तिथं अडखळतात. ती मुलगी गेल्यावर पालथं पुस्तक उचलून बघितलं. सहावं प्रकरण. बरोब्बर तो म्हातारा.

म्हणजे पोरीचा काही दोष नव्हता. एखाद्यानं मराठी शिकायला घेतलं आणि त्याच्यापुढं पहिल्याच दिवशी ठेवणीतली मालवणी ठेवली, तर तोही सामान्य ज्ञानच घेऊन जाईल.

कुणाला मूळ इंग्रजी द्यायचंच असेल तर असं द्या. पहिली चार प्रकरणं सलग, शक्यतो एका रात्रीत. पाच-सहा नुसती चाळा, म्हाताऱ्याला खुशाल ओलांडा. सातव्यात 'डिमीटर' जहाजाची नोंदवही आहे, ती मात्र एक ओळ न सोडता. एकेक खलाशी नाहीसा होत जातो आणि कप्तान ते टिपत राहतो. मग त्या पत्रं लिहिणाऱ्या मैत्रिणींपैकी लूसीचं प्रकरण सोळाव्यापर्यंत. तिथवर पोचलेला माणूस पुढचं सोडत नाही. प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगचं मोडकं इंग्रजी छापताना चुकलेलं नाही, तो डच आहे म्हणून मुद्दाम तसं आहे. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर वाचणारा स्वतःच्या इंग्रजीला दोष देतो. मराठी अनुवाद घेताना आधी आत डायऱ्या आणि तारखा आहेत का बघा. 'जोनाथन किल्ल्यात शिरला' असं सरळ निवेदन दिसलं तर ते संक्षिप्त आहे, बाजूला ठेवा.

आणि सिनेमा बघून आलेल्यांना हेही सांगा, की पुस्तकातला काउंट उन्हानं मरत नाही. दिवसा त्याची ताकद कमी होते, पण लंडनच्या रस्त्यावर तो दिवसाढवळ्या फिरताना दिसतो. उन्हानं मरायची भानगड १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटानं आणली. वाहतं पाणी त्याला भरतीच्या वेळी नाहीतर भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलेलं असतानाच ओलांडता येतं. कृष्णेला भरती-ओहोटी नाही, तेव्हा आयर्विन पुलापलीकडं सांगलीवाडीकरांनी निवांत झोपावं. (पूर येतो ती भरती वेगळी. त्यावर खाली येतोच.) लसणाचं तर बोलूच नका. आपल्या भडंगात पडतो तेवढ्या लसणावर तो मिरजेतूनच परत फिरला असता.

हे नियम म्हणजे बारीकसारीक पाल्हाळ नव्हे. व्हॅम्पायरच्या गोष्टीची सगळी गंमत नियमात असते. लेखकानं सुरुवातीला कोणते नियम घातले आणि शेवटी ते पाळले का, यावर पुस्तक चांगलं की वाईट ते ठरतं. ऐन वेळी नवा मंत्र निघाला, नवं ताईत सापडलं, की समजावं लेखक दमला.

बरं, मग त्या मुलीला काय द्यायला हवं होतं? आधी काही द्यायचंच नाही. विचारायचं. "शेवटचं काय बघितलंस किंवा वाचलंस?" एवढा एक प्रश्न. दोन प्रौढ माणसं तिच्याशी बोलली, पण हे एकानंही विचारलं नाही.

ती 'ट्वायलाइट' म्हणाली असती, तर पहिली अट ही की हसायचं नाही. २००५ च्या त्या पुस्तकानं जगभर लाखो पोरं वाचायला लावली. हो, उन्हात चमचमणारा व्हॅम्पायर मलाही सोसत नाही, तो मुद्दा मान्य, पुढं चला. तिथून आलेल्याला 'कार्मिला' द्या. शेरिडन ले फानूची, १८७२ मध्ये पुस्तकात आलेली, म्हणजे काउंटच्याही पंचवीस वर्षं आधीची. एक ओसाड वाडा, एक एकटी मुलगी, पाहुणी म्हणून आलेली दुसरी मुलगी. पात्रं मोजकी, सांगणारी एकच, लांबी शंभर पानांच्या आसपास. सोळा छोटी प्रकरणं, दोन बैठकांत संपतात. सुरुवातीचं डॉक्टरांच्या टिपणांचं प्रास्ताविक वगळलं तरी काही बिघडत नाही. नावांच्या अक्षरांवर तेवढं लक्ष ठेवायला सांगा, बाकी काही सांगू नका. दोन्ही जुनी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. मोबाइलवर अक्षर मोठं करता येतं, हा त्या मुंगीछाप प्रतीवरचा जालीम उपाय.

सायन्सची असेल तर 'आय अ‍ॅम लेजंड', रिचर्ड मॅथेसन, १९५४. आकारानं लहान. जगात उरलेला एक माणूस मायक्रोस्कोप घेऊन बसतो आणि लसूण का चालतो, क्रूस सगळ्यांवर का चालत नाही, याची कारणं शोधतो. सिनेमा बघितला म्हणून पुस्तक कळलं असं समजू नका. नावाचा अर्थ शेवटच्या पानावर लागतो, आणि २००७ च्या सिनेमानं नेमका तोच फिरवलाय.

सावकाश, अलंकारिक, उदास असं आवडत असेल तर अ‍ॅन राइसचं 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर', १९७६. व्हॅम्पायर स्वतःच आपली कहाणी सांगतो. मधे त्याचं रडगाणं फार होतं, कबूल. पण त्यातली क्लॉडिया, पाच वर्षांच्या पोरीच्या देहात अडकलेली बाई, डोक्यातून जात नाही. राइसची स्वतःची मुलगी सहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत रक्ताच्या कर्करोगानं गेली होती. हे माहीत असलं की ती पानं वाचणं जड जातं.

'लेट द राइट वन इन' मात्र सोळाव्या वर्षी देऊ नका. रक्तासाठी नव्हे, त्यात लहान मुलांवरच्या अत्याचाराचा धागा आहे म्हणून. मोठ्यांनी अवश्य वाचावं. बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकलं तर व्हॅम्पायरला नेमकं काय होतं, हे इतकं अंगावर येईल असं दुसरीकडं माझ्या वाचनात नाही.

आणि मराठी. तिनं मराठी मागितलं असेल हे त्या सद्गृहस्थांच्या मनातसुद्धा आलं नाही, याचाच जास्त संताप येतो. प्रश्न मराठीत, उत्तर इंग्रजीच्या कपाटातून!

अहो, नारायण धारपांचं 'लुचाई' आहे ना! स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलेलं, पण गाव आपलं, माणसं आपली. "धारपांनी उचललं हो" म्हणणारे आता कमेंटमध्ये येतीलच. उचललं. बास? पण पोराबाळांच्या हातात ते मराठीत पडलं आणि रात्री खिडकीकडं बघायची हिंमत गेली, हेही तितकंच खरं. 'लुचाई' आधी वाचा, मूळ किंग नंतर. उलट केलं तर दोन्हीकडं तुलनाच करत बसाल. किंगचं वाचताना एवढंच, की सुरुवातीचा बराच भाग नुसतं गाव दाखवण्यात जातो, तिथं सोडू नका. प्रत्येक घर ओळखीचं झाल्याशिवाय ते एकेक करून अंधारात जाण्याची भीती वाटत नाही.

धारपांची समर्थांची (समर्थ म्हणजे भुताखेतांशी लढणारा त्यांचा नायक) पुस्तकं पाठोपाठ वाचू नका. पाचव्या पुस्तकापर्यंत कळून चुकतं की समर्थ येणार आणि निभावून नेणार, मग भीती पातळ होते. मधे समर्थ नसलेलं काहीतरी घाला, 'चेटकीण' घाला, '४४० चंदनवाडी' घाला. मतकरींच्या गूढकथा रात्रीला दोनच. त्या शेवटच्या वळणावर उभ्या असतात. सलग आठ वाचल्या की वळण आधीच दिसायला लागतं आणि दोष मतकरींना जातो. आजचं हवं असेल तर हृषीकेश गुप्ते, 'अंधारवारी'पासून. खानोलकरांचं 'रात्र काळी, घागर काळी' भुताचं म्हणून देऊ नका. तसं दिलं तर वाचणारा शेवटपर्यंत भुताची वाट बघत राहतो.

इथवर लिहून पाणी प्यायला उठलो, तेव्हा एक गोष्ट लिहायची राहिली हे लक्षात आलं. खरं तर रागाच्या भरात मुद्दाम टाळली होती.

मुलगी गेल्यावर ते पालथं 'ड्रॅक्युला' काउंटरवर दिलं आणि काकांना जरा तिरकसच विचारलं, "धारपसुद्धा नाहीत का तुमच्याकडं?" काकांनी शिक्का खाली ठेवला. म्हणाले, "होते की. अख्खा कप्पा होता. लेखकाच्या नावानं लावलेले, 'ध' खाली यायचा. एकोणीसच्या पुरात खालचे दोन कप्पे गेले. लगदा झाला होता नुसता. घमेल्यानं उचलला." मग दाखल-रजिस्टर काढलं. एकाखाली एक नावं, प्रत्येकापुढं तांबड्या पेनानं 'पूर'. 'लुचाई'पुढं दोनदा, दोन प्रती होत्या. "पोरं विचारतात," म्हणाले, "प्रत्येकाला पुराचं कुठं सांगत बसू? तसलं नाही म्हटलं की जातात."

म्हणून वरचं काकांबद्दलचं थोडं मागं घेतो. थोडंच. मान वर करायला काय जात होतं?

तर काम असं आहे. ज्यांच्याकडं धारप, मतकरींच्या जोड प्रती आहेत त्यांनी या आठवड्यात माझ्याकडं द्या. इनबॉक्समध्ये कळवा, घरी येऊन नेईन. देताना पुस्तक उभं धरून पानं फडफडवा. कसर असेल तर पडते. बुरशीचा वास येत असेल तर इतर पुस्तकांत मिसळू नका. गच्चीवर सावलीत नाका-तोंडाला फडकं बांधून कोरड्या ब्रशनं झाडा. कडक उन्हात अजिबात नको, पाठीचा गोंद तडकतो आणि पानं सुटतात. ओलसर असेल तर थोड्या थोड्या पानांनंतर टिपकागद घालून पंख्याखाली उभं ठेवा, टिपकागद सकाळ-संध्याकाळ बदला. सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. बाइंडरकडून शिवून आणू, ते माझ्याकडं लागलं.

काकांशी बोलणं झालंय. पुस्तकं आली की 'ध' सगळ्यात वरच्या कप्प्यात. स्टूल लागेल, लागू दे.

आणि ती मुलगी कुणाच्या ओळखीतली असेल तर निरोप द्या. सामान्य ज्ञानाची पुस्तकं सात दिवसांच्या बोलीवर असतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात ती परत येणार. तोवर एक 'लुचाई' तरी काउंटरवर पोचायला हवं.