दोर धरणारा फोटोत नसतो

चार म्हातारे क्लायंबर एका जागी बसले की सह्याद्रीतल्या सुळक्यांची उंची वाढायला लागते. लिंगाणा समुद्रसपाटीपासून तीनएक हजार फूट, त्यात खिंडीतून वर दोर लावून चढायचा भाग हजारभर फुटांचा. आमच्या ग्रुपवरच्या गप्पा वाचल्या तर तो आता एव्हरेस्टच्या पंगतीला बसलाय. वानरलिंगी सुळक्यावरचं आग्या मोहोळ दरवर्षी हातभर वाढतंय. एका मोहिमेत रात्री चार शिंतोडे पडले होते, त्याची यंदा ढगफुटी झाली. बोलणारे सगळे साठीच्या अल्याडपल्याड, दोघांचे गुडघे बदललेले, एकाची बायपास झालेली, आणि बोलणं असं की उद्या पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघायचंय.

ऐकायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण एक गोष्ट मला बरेच दिवस खटकतेय. ती इथं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या भेटीत तोंडावर भांडायला बरं. या सगळ्या गोष्टी वर चढणाऱ्याच्या आहेत. खाली दोर धरून बसलेल्याची त्यात एकही नाही.

मी स्वतः बहुतेक वेळा खालीच असायचो, त्यामुळं मी कुणाच्या बाजूनं बोलणार हे उघड आहे. तेवढं धरून पुढं वाचा.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढं चढतो तो लीडर. त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक खालच्या माणसाकडं. वरचा चढेल तसा दोर सोडायचा आणि पडला तर अडवायचा. याला बिले देणं म्हणतात. आता त्यासाठी अशी उपकरणं मिळतात की झटका बसला की दोर बऱ्यापैकी आपोआप अडकतो. ऐंशीच्या दशकात आमच्याकडं असलं काही नव्हतं. दोर पाठीमागून कमरेला घ्यायचा, एका हातानं सोडायचा, दुसऱ्यानं धरायचा, पाय कातळाला रोवायचे आणि स्वतःला मागं मेखेला नाहीतर झाडाला बांधून घ्यायचं. वरचा सुटला की सगळा झटका तुमच्या कमरेवर आणि तळहातावर. हातमोजे वेल्डिंगवाल्याचे, चामड्याचे. तेही सगळ्यांत मिळून एक जोड.

असं तासन् तास बसावं लागायचं. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. दोन थरांच्या मध्ये कुठंकुठं लालसर, भुसभुशीत पट्टा लागतो, त्यावर गवत आणि घसारा. लीडरचा पाय तिथं पोचला की खडे-धोंडे सुटायला लागतात. वरून 'दगड!' अशी आरोळी आली की मान वर करून बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. हे सांगून कुणाला कळत नाही, एकदा टेंगूळ यावं लागतं. मुंग्या पायावर चढतायत, ऊन डोक्यावर आलंय, पाण्याची बाटली हातभर लांब आहे आणि हात सोडता येत नाही. वरचा माणूस तर ओव्हरहँगच्या, म्हणजे पुढं झुकलेल्या कातळाच्या, पलीकडं गेल्यामुळं दिसतच नाही.

पण दोरातून सगळं कळतं. दोर सावकाश, एका लयीत जातोय म्हणजे होल्ड, म्हणजे हातापायाला धरायच्या जागा, चांगले आहेत. दोन वीत गेला आणि परत वीतभर खाली आला म्हणजे गड्यानं हात घालून बघितला आणि मन बदललं. बराच वेळ हललाच नाही आणि मग बारीक थरथर यायला लागली, म्हणजे पोटरी भरून आली आहे. तेव्हा आपण दोर घट्ट करायचा आणि मुद्दाम काहीतरी फालतू बोलायचं. आमच्यातला एक मास्तर (तेव्हा नव्हता, पुढं झाला) घाबरला की जोरजोरात 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं' म्हणायचा. तो स्वतः आज सांगतो की भक्तीनं म्हणायचो. अरे मर्दा, तुझा दोर माझ्या हातात होता. भक्ती कुठली आणि बोबडी कुठली, मला कळत नव्हतं होय?

म्हणून माझं ठाम मत आहे की लीडरच्या आठवणीवर फार विश्वास ठेवू नये. बिचाऱ्याला त्या वेळी समोरचा हातभर कातळ सोडून काही दिसत नसतं. खालच्याला बघत बसण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो.

आता लेथवाल्याचं सांगतो. हा आमचा दोस्त कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. बाहेरून पिटॉन, म्हणजे कातळाच्या फटीत ठोकायच्या मेखा, मागवायची आमची ऐपत नव्हती. यानं भंगारातला ट्रकचा पाटा आणला, भट्टीत लाल केला, ऐरणीवर ठोकून पातं काढलं, डोक्याला भोक पाडलं आणि पाणी दिलं. पहिला घाण फुकट गेला. पोलाद इतकं कडक झालं की कातळात चार घाव बसताच दोन पिटॉनना तडे गेले. मग तो आठवडाभर संध्याकाळचा थांबून, पाणी दिलेलं पातं परत बेतानं तापवून, रंग बघून बाहेर काढत बसला. फिकट पिवळा आला की अजून थांबायचं, निळा आला की बास, असं त्याचं गणित. तेव्हा कुठं वाकेल पण तुटणार नाही अशी मेख तयार झाली. त्या मेखांवर आम्ही वर्षानुवर्षं लटकलो.

मेख नीट बसली की नाही हे आवाजावरून कळतं. चांगल्या फटीत जाताना प्रत्येक घावाला सूर चढत जातो, टण्, टिण्, टिंग. कातळ पोकळ असेल तर आवाज बदबद येतो. खाली बसून हा माणूस नुसत्या आवाजावर सांगायचा, 'ही नको, काढ, बाजूला बघ.' वरचे चिडायचे, कारण काढून परत मारायची म्हणजे हाताची वाट. पण काढायचे. जुन्नरकडं एकदा लीडर सुटला. वरच्या दोन मेखा पटापट निघून आल्या आणि तिसरी राहिली. तिसरी परत मारायला लावलेली होती. दोरही लेथवाल्याच्याच हातात होता, मोजे मात्र त्या दिवशी दुसऱ्याकडं. त्याच्या उजव्या तळहातावर आडवा, गुळगुळीत पट्टा अजून आहे. कुणी नमस्कार सोडून हात मिळवला तर हाताला लागतो.

त्या मोहिमेची एका स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी आली. माथ्यावर पोचलेल्या तिघांची नावं आली. याचं नाही. पेपरवाल्याला आम्हीच नावं दिली होती, त्यानं तरी काय करावं! लेथवाला काही बोलला नाही. पुढच्या रविवारी सरावाला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि मग येईचना. आमच्यातही कुणी तालमीत, कुणी नोकरीत, कुणी पोराबाळांत अडकलं. कित्येक वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तो आणि तो पडलेला लीडर शेजारी आले. मला वाटलं आता ताट उलटतंय. लीडरनं वाढप्याला हाक मारून याच्या वाटीत पांढरा रस्सा घालायला लावला आणि म्हणाला, 'खा भावा.' एवढंच. दुसऱ्या दिवसापासून दोघं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रोज भेटतात. कोल्हापुरात माफी अशीच मागतात, तोंडानं मागितली तर अपमान वाटतो.

आमची दोस्तीही जरा विचित्रच होती, हे आता लक्षात येतं. एकमेकांच्या घरचं आम्हाला फारसं काही माहीत नव्हतं. कुणाचे वडील काय करतात, कुणाचं पहिलं स्थळ का मोडलं, कुणाला कर्ज किती, हे पन्नाशीनंतर कळलं. पण अवघड जागेआधी कोण दोनदा तोंडानं श्वास घेतो, कोण डाव्या पायावर भरवसा ठेवत नाही, भूक लागल्यावर कोण चिडतो आणि कुणापुढं नुसती भडंगाची पिशवी सरकवली की तासभर गप्प राहतो, हे झोपेतही सांगितलं असतं. जीव दुसऱ्याच्या हातात देऊन ठेवलेला असताना त्याचं आडनाव काय ही चौकशी कोण करतो?

हे फक्त आमच्यासारख्या गल्लीतल्या क्लायंबरांचं नाही. २९ मे १९५३ ला तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. माथ्यावरचा तो जगप्रसिद्ध फोटो तेनझिंगचा आहे. हिलरींचा तिथं फोटोच नाही, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता. पहिलं पाऊल कुणाचं, हा प्रश्न लोकांनी दोघांना इतक्या वेळा विचारला की शेवटी तेनझिंगनीच सांगून टाकलं, हिलरी पुढं होते, मी मागं. मला स्वतःला त्याआधीची गोष्ट जास्त आवडते. त्याच मोहिमेत खाली खुंबूच्या हिमप्रपातात पायाखालचं बर्फ सुटून हिलरी भेगेत गेले होते. मागून तेनझिंगनी झटक्यात आइस अ‍ॅक्स रोवली, दोर अडवला. त्यानंतर हिलरींना माथ्यासाठी जोडीदार म्हणून हाच माणूस हवा होता. जोडी कुठं जमली ते बघा. माथ्यावरचा झेंडा सगळ्यांनी बघितला, पण ही दोस्ती पक्की झाली ती भेगेच्या तोंडाशी, ताणलेल्या दोरावर.

आता आजच्या पोरांविषयी. आमच्यातले काहीजण भिंतीवर चढणाऱ्या पोरांना नावं ठेवतात. 'प्लॅस्टिकच्या होल्डवर कसलं आलंय क्लायंबिंग, खाली गाद्या घालून!' टोकिओच्या ऑलिम्पिकात २०२१ मध्ये पहिल्यांदा हा खेळ आला तेव्हाही हेच रडगाणं. मला हे अजिबात पटत नाही. ती पोरं ज्या बोटांवर लोंबकळतात त्या बोटांनी आम्हाला चहाचा कप धरवत नाही. आणि २०२२ च्या मे महिन्यात आपल्या कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरनं एव्हरेस्टवर पाय ठेवला, तेव्हा 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्या सगळ्यांनी तिचाच फोटो डीपीला लावला होता की नाही? आम्ही जिवंत राहिलो त्यात तयारी निम्मी आणि नशीब निम्मं. स्कूटरचं हेल्मेट घालून सुळके चढणाऱ्यांनी सुरक्षेवर भाषणं देऊ नयेत.

माझी तक्रार दुसरी आहे. लिंगाण्यावर आता सुट्टीच्या दिवशी रांग लागते. मोहरीतून जायचं, बोराट्याच्या नाळेनं खिंडीत उतरायचं, पुढं बोल्ट मारलेले, दोर लावलेले, पैसे भरले की वर. जावं, खुशाल जावं, आम्ही काही सातबारा नाही घेतलेला. पण वरून टाकलेल्या पोस्टमध्ये ड्रोनवाल्याचं नाव असतं, बुटांच्या कंपनीचं नाव असतं, आणि पहाटेपासून ज्या पोरानं प्रत्येकाचा दोर धरला, हार्नेसची (दोर बांधायच्या कमरपट्ट्याची) बकलं तपासली, त्याचं नाव नसतं. त्याला 'दादा' म्हणतात आणि दोर सुटला की विसरतात. आमच्या चार ओळींच्या बातमीपासून हे काही फार पुढं सरकलेलं नाही.

एक वाद दोराचाही आहे. आमचा शेवटचा चांगला दोर, ११ मिलिमीटरचा, मास्तरच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेला होता. त्याचं म्हणणं, नातू क्लायंबिंग शिकतोय, त्याला देतो, आठवण म्हणून वापरेल. मी कडाडून विरोध केला. नायलॉनचा दोर नुसता ठेवला तरी म्हातारा होतो. बनवणारे स्वतःच सांगतात की अजिबात न वापरलेला दोरही जास्तीत जास्त दहा वर्षांनी बाद करा. वरून झाक दिसतो, आतला गाभा काय झालाय ते झटका बसल्यावरच कळतं. आठवण भिंतीला टांगावी, पोराच्या कमरेला बांधू नये. बरंच रुसणं-फुगणं झालं. शेवटी मास्तरच्या गावाकडच्या गोठ्यात त्याची दावी झाली. म्हशी खूश आहेत. मास्तर अजून माझ्याशी थोडा तुटक बोलतो, पण नातवाला नवा दोर घेऊन दिलाय.

असो. कोजागिरीला पन्हाळ्यावर जमायचं ठरतंय. जुलै २०२५ मध्ये गड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलाय, त्यामुळं 'जुन्या कातळावर हात लावून बघू' म्हणणाऱ्या उत्साही मंडळींनी मेख-हातोडा घरीच ठेवावा. झुणका-भाकरी आणि खर्डा वर्गणीतून, मसाला दूध लेथवाल्याकडून. गुडघेवाल्यांसाठी गाडी थेट वर जाते, कारणं सांगू नयेत.

आणि ज्यांच्याकडं जुने फोटो असतील त्यांनी ते आणावेत. आणण्याआधी मागं पेन्सिलीनं दोन नावं लिहायची, फोटो काढणाऱ्याचं आणि दोर धरणाऱ्याचं. आठवत नसेल तर मला फोन करा, मी खालीच होतो.