तळ दिसेपर्यंत

बागकामाच्या मासिकांतील छायाचित्रांत परसदारच्या मत्स्यतळ्याचे पाणी नेहमी नितळ असते, त्यात केशरी मासे शिस्तीने पोहत असतात आणि काठावरच्या वेताच्या खुर्चीत पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ पुस्तक वाचत बसलेले असतात. या गृहस्थांना नातेवाईक नसावेत, असा माझा अंदाज आहे. नातेवाईक असलेल्या माणसाने घरामागे तळे बांधले की पाण्याला रंग चढतो, आणि रंग चढला की त्यात काय टाकावे हे सांगायला मंडळी येऊ लागतात. पाण्यात काहीही टाकू नका, असे सांगणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

कोल्हापुरातील आमच्या घरामागे आम्ही १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा सिमेंटचा हौद बांधून घेतला. त्यात साधारण ४,२५० लिटर पाणी मावते. गवंड्याच्या मते गिलावा वाळला की त्याच आठवड्यात मासे सोडायला काहीच हरकत नव्हती. माळीमामांनी मात्र ‘नवा हौद मासा खातो’ एवढ्या चार शब्दांत त्याचे म्हणणे खोडून काढले आणि नंतर चौकशी करता त्या चार शब्दांमागे सबंध रसायनशास्त्र उभे असल्याचे आढळले. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ११ च्याही वर जातो आणि अशा पाण्यात माशाचे कल्ले भाजून निघतात. यावरचा माळीमामांचा उपाय म्हणजे केळीचे खुंट चिरून हौदात टाकणे, ते कुजू देणे, मग सगळे पाणी उपसणे आणि समाधान होईपर्यंत हाच उद्योग पुन्हा करणे. कुजणाऱ्या खुंटांतून आम्ले सुटतात आणि चुना मवाळ होतो, हे खरेच आहे. त्या काळात शेजारच्या घरांच्या आमच्या बाजूच्या खिडक्या बंद राहू लागल्या, हेही तितकेच खरे आहे. पाणी तपकिरी झाले. ते उपसून पुन्हा भरले, तरी फिकट तपकिरी छटा राहिलीच. सौभाग्यवतींनी एकदाच काठावर उभे राहून नाकाला पदर लावला आणि ‘हेच करायचं होतं, तर म्हैस का नाही बांधली?’ असे विचारले. उत्तराची अपेक्षा नसावी, कारण त्या लगेच आत गेल्या.

यथावकाश सामू खाली आला आणि गोल्डफिश पाण्यात पडले. त्यानंतर काही दिवसांतच पाणी पांढुरके झाले. मासे विकणाऱ्या दुकानदाराला हे ऐकून आनंद झाल्यासारखा वाटला. ‘नव्या तळ्यात असं होतंच, साहेब. अजून बॅक्टेरिया बसले नाहीत,’ असे म्हणून त्याने फळीवरची एक बाटली पुसून पुढे ठेवली. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी, तिसरा बऱ्यापैकी निरुपद्रवी. आणि ही सगळी मंडळी दगडांवर, भिंतींवर नि गाळणीच्या स्पंजात ठाण मांडून कामाला लागेपर्यंत साधारण ४ ते ६ आठवडे जातात. दरम्यान पाण्यातले सुटे खाद्य खाऊन दुसरेच काही जीवाणू बेसुमार वाढतात आणि पाणी दुधाळ दिसते. हे मी घरी येऊन जेवताना सविस्तर सांगितले. २०१९ च्या महापुरात पाणी गाळून, उकळून आणि वर क्लोरीनचे थेंब टाकून प्यायलेल्या आमच्या आईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग बाटलीची किंमत विचारली. ती ऐकल्यावर त्या म्हणाल्या, ‘जंतू मारायला पैसे मोजतात, हे माहीत होतं.’

मेहुण्यांचा दृष्टिकोन अधिक थेट होता. त्यांच्या गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक भुकटी, टाकते. ‘दाजी, एक वाटी टाका. सकाळी तळ दिसतोय का नाही बघा!’ त्या वाटीने नुकतेच विकत आणलेले जीवाणू मरतील आणि मासेही मरतील, असे मी निदर्शनास आणले. मासे काय, पुन्हा आणता येतील, पाणी महत्त्वाचे, असे त्यांचे मत पडले. तळे माशांसाठी बांधले आहे की पाण्यासाठी, या प्रश्नावर घरात तेव्हापासून दोन तट आहेत.

पांढरेपणा आपोआप ओसरला. त्यानंतर उन्हे वाढली आणि पाणी हिरवे झाले, आणि ते इतके हिरवे झाले की सकाळी दिसणारे मासे दुपारी दिसेनात. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा उच्च न्यायालयाने दखल घेतली, पाण्याचे नमुने तपासणीला गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा हा प्रताप असल्याचा निष्कर्ष काढला. आमच्या तळ्याने एका उन्हाळ्यात तीन रंग दाखवले. पण दखल घेतली ती केवळ शेजारच्या आण्णांनी. ‘रंकाळा एवढा थोरला, तोसुद्धा हिरवा पडतो की. तुमच्या हौदाची काय कथा!’ असे म्हणून त्यांनी आमचे सांत्वन केले. रंकाळ्यात सांडपाणी मिसळत होते, आमच्या तळ्यात काय मिसळते, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. तो घरातच विचारायला हवा होता, हे पुढे कळले.

हिरवे पाणी म्हणजे सुटे, एकपेशीय शेवाळ. कापडातून ओतले तरी ते पलीकडे जाते. त्याला ऊन हवे आणि नायट्रेट-फॉस्फेटसारखे खत हवे. नव्या तळ्यात दोन्हींची चंगळ असते, कारण सावली धरणारी झाडे अजून वाढलेली नसतात आणि ते खत आधी खाऊन टाकणारे दुसरे कोणी नसते. सगळे पाणी उपसून टाकावे, तर नळाच्या ताज्या पाण्याबरोबर शेवाळाला नवी शिदोरी मिळते, बसलेले जीवाणू विस्कटतात आणि आठवड्याभरात पाणी पूर्वीपेक्षा गडद होते. म्हणजे जो जितका स्वच्छतेचा भोक्ता, त्याचे तळे तितके हिरवे. आमच्या घरी स्वच्छतेचे भोक्ते पुष्कळ आहेत.

आईंनी वेळूच्या काठीला तुरटीचा खडा बांधला आणि त्या रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तळ्याला तुरटी फिरवू लागल्या. मातीचे गढूळ पाणी तुरटीने निवळते, यात शंका नाही. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत राहतात, आणि तुरटीतले अॅल्युमिनियम तो भार मोडून त्यांचे पुंजके करते. परंतु शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पाण्याचा सामू बराच चढलेला असतो आणि अशा पाण्यात तुरटीचा फारसा प्रभाव पडत नाही. ‘सकाळी फिरवून बघता का?’ असे मी नम्रपणे सुचवले. सकाळी पूजा असते, असे उत्तर आले.

काष्ठौषधींच्या दुकानातून निवळीच्या बियाही आणून झाल्या. ही बी माठाच्या आतल्या अंगाला घासली की पाणी निवळते, हे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. निवळीचे फळ पाणी स्वच्छ करत असले, तरी नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असे बजावणारा एक संस्कृत श्लोकही आहे. तो श्लोककर्ता आमच्या अंगणात येऊन गेला असावा. येणारा प्रत्येक जण एखाद्या पदार्थाचे नाव घेई, चहा पिई आणि निघून जाई. शेवग्याच्या बिया, जलपर्णी, तांब्याचा तुकडा, अतिनील दिव्याचे यंत्र! यंत्राचा उपाय खरा होता, पण त्याची किंमत तळ्याच्या बांधकाम खर्चाच्या जवळपास जात होती.

अशा वेळी सासरे राहायला आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे मोजल्याशिवाय कोणत्याही पाण्याविषयी बोलत नाहीत. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने पोपच्या जहाजातून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे मोजले होते. तळी-धरणांसाठी आता काळ्या-पांढऱ्या चौकटींची, २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी वापरतात. सासऱ्यांनी लाडवांच्या डब्याचे झाकण रंगवून तशी तबकडी केली, तिला गाठी मारलेली दोरी लावली आणि अडीच फूट खोल तळ्यात ते रोज सकाळी भूमध्य समुद्राच्या गांभीर्याने ती सोडू लागले. ‘जावईबापू, आज ३० सेंटिमीटर,’ हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा नाश्ता होईना. लाडू पिशवीत गेले.

एका रविवारी त्यांनी शेततळ्यात रोहू-कटला वाढवणाऱ्या आपल्या मित्राला पाणी दाखवायला बोलावले. त्या गृहस्थांनी ओंजळीत पाणी घेतले, उन्हात धरले, तबकडीचा आकडा विचारला आणि माझा हात हातात घेऊन अभिनंदन केले. ‘३० म्हणजे अगदी नमुनेदार! असं पाणी व्हावं म्हणून आम्ही शेण टाकतो, सुपर फॉस्फेट टाकतो. तुम्ही काय टाकलंत?’

सर्वांनी एकमेकांकडे पाहिले, आणि त्या शांततेत खरी माहिती बाहेर पडू लागली. आई पूजेनंतर नैवेद्याचा भात टाकत. सौभाग्यवती दुपारी पोळीचा कुस्करा टाकत, कारण मासे त्यांना ओळखू लागले होते. आण्णांचा नातू शाळेतून आला की कुंपणावरून चुरमुरे टाकी. मेहुणे आले की मुठीने खाद्य टाकत, आणि मी चिमटीने टाकत होतो तो अधिकृत आहार वेगळाच. प्रत्येकाचे म्हणणे एवढेच की आपण अगदी थोडे टाकतो आणि मासे अजून भुकेलेले दिसतात. गोल्डफिशला जठर नसते आणि तो कितीही खाल्ले तरी भुकेलेलाच दिसतो, ही माहिती त्या दिवशी कोणालाही ऐकायची नव्हती. खाद्याचा डबा दागिन्यांच्या कपाटात गेला. कुमुदिनीच्या दोन कुंड्या पाण्यात उतरल्या, त्यांची पाने पसरली आणि निम्म्या पाण्यावर सावली आली.

पाणी निवळले ते कोणाला न सांगता. सासरे तबकडी सोडत राहिले आणि ती दिसतच राहिली. अखेर ती तळाला टेकली. वहीत काय लिहावे, हे त्यांना कळेना, कारण जे दिसेनासे होत नाही ते मोजता येत नाही. तळाशी दोन चमचे, नातवाचा भोवरा आणि काही आठवड्यांपूर्वी कामवाल्या मावशींवर संशय घेण्यास कारण झालेली चांदीची वाटी सापडली. घरी नैवेद्य कशात नेला जात होता, हे त्यावरून स्पष्ट झाले. मावशींनी त्या दिवशी भांडी जरा जास्त आवाज करत घासली.

मासे सगळे दिसू लागले. ते सर्वांनाच दिसू लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर एक वंचक मान आखडून उभा राहिलेला आढळला. या भुऱ्या बगळ्याला हिरव्या पाण्यात केशरी मासा दिसला नसता. आता तो निवांत निवड करत होता. आईंनी तुरटीची काठी उगारली, तेव्हा तो समोरच्या गॅलरीवर जाऊन बसला आणि काठी आत गेली की परत आला. जाळी टाकावी, तर तळे झाकले जाते. झाकू नये, तर मासे जातात. यावर दुपारपर्यंत खल झाला. शेवटी सासऱ्यांनी शेततळ्याच्या मित्राला फोन लावला आणि ४,२५० लिटरला शेण किती किलो टाकायचे, ते वहीत लिहून घेतले.