रुग्णाशी नाते

गेल्या महिन्यात साताऱ्याहून परत येताना शिरवळच्या अलीकडे आमच्या डोळ्यांदेखत एका टेम्पोने दुचाकीवाल्याला उडवलं. टेम्पो थांबला नाही. ड्रायव्हरकाकांनी गाडी कडेला घेतली, आम्ही दोघांनी त्या पोराला मागच्या सीटवर आडवं केलं आणि मिळेल त्या पहिल्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर फॉर्म. नाव माहीत नाही, वय अंदाजे पंचवीस, पत्ता माहीत नाही. पुढचा रकाना : 'रुग्णाशी नाते'. मी पेन धरून नुसती उभी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, काहीतरी लिहा, रकाना रिकामा ठेवता येत नाही."

तिच्या डोक्यावर भिंतीला एक बोर्ड होता, अर्धा कॅलेंडरने झाकलेला. 'गुड समॅरिटनचे हक्क'. काकांनी तो वाचला आणि विचारलं, "समॅरिटन म्हणजे बॅगांची कंपनी ना?"

हसू नका. वीस वर्षं वकिली करून मलाही त्या शब्दाचं काही वाटेनासं झालं होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम आलं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असं ते सांगतं. पोलिसांनी त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करायची नाही, हे २०२० च्या नियमांत आहे, आणि असा बोर्ड हॉस्पिटलच्या दारात लावायचा, हेही. पण बायबलातल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीतला हा 'समॅरिटन' शिरवळजवळच्या भिंतीवर आला कसा?

बायबलचा पाश्चात्त्यांवरचा प्रभाव म्हटलं की लोकांना चर्चचे मनोरे, नाताळ, मायकेलअँजेलो आठवतो. मला गोगलगाय आठवते.

स्कॉटलंडमधलं पेझ्ली गाव, ऑगस्ट १९२८. मे डोनोह्यू नावाची गरीब बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. थोडं पिऊन झाल्यावर उरलेलं ओतलं, तर म्हणे त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली. बाई आजारी पडली. पण दावा लावायचा कुणावर? पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे कॅफेवाल्याशी हिचा करार नाही. बाटली भरणाऱ्या कारखानदाराशी तर काहीच नाही. तिने कारखानदारावरच दावा लावला, तोही आपल्याजवळ पाच पौंडसुद्धा नाहीत असं शपथेवर लिहून, कोर्टखर्च माफ करून घेऊन. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टात, तीन विरुद्ध दोन मतांनी ती जिंकली. (गोगलगाय बाटलीत खरंच होती का, हे कधीच सिद्ध झालं नाही. मुद्दा कायद्याचा होता, पुढे तडजोड झाली.)

त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी त्या निकालात जे लिहिलं ते आम्हाला लॉच्या पहिल्याच वर्षी घोकायला लावलं होतं : शेजाऱ्यावर प्रेम कर, हा नियम कायद्यात येतो तेव्हा त्याचा अर्थ होतो, शेजाऱ्याला इजा करू नकोस. आणि 'माझा शेजारी कोण?' या वकिलाच्या प्रश्नाला कायदा आखूड उत्तर देतो. माझ्या कृतीची झळ ज्यांना थेट बसेल, म्हणून ज्यांचा विचार मी करायलाच हवा, ते माझे शेजारी. बाटली पिणारी बाई कारखानदाराची शेजारी ठरली ती अशी. निष्काळजीपणाचा आजचा सगळा कायदा, आपल्याकडचासुद्धा, याच वाक्यांवर उभा आहे. मराठीत 'शेजारधर्म' हा शब्द आहे म्हणून आम्हाला ते चटकन कळलंही. पण 'वकिलाचा प्रश्न' म्हणजे कुठला वकील, ते ना सरांनी सांगितलं ना आम्ही विचारलं.

तो वकील बायबलात, लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात आहे. मराठी बायबलात त्याला 'शास्त्री' म्हटलंय. तो येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? आमच्या धंद्यातला माणूस, व्याख्या मागणारच. येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला मारून अर्धमेला टाकलाय. याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, येतो, बघतो, पलीकडून निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, येतो, तोही तसाच. मग येतो शोमरोनी, म्हणजेच इंग्रजीतला, बोर्डावरचा समॅरिटन. यहुदी आणि शोमरोनी यांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याचं नाव इथे घालून वाचा, म्हणजे नीट लागेल. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, मालकाला दोन दीनार देतो (एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी) आणि सांगतो, जास्त लागले तर परतताना देईन.

आणि शेवटी येशू प्रश्नच उलटा करतो : या तिघांतला कोण त्या माणसाचा शेजारी झाला? शास्त्री उत्तर बरोबर देतो, पण 'शोमरोनी' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाही. म्हणतो, ज्याने दया केली तो.

माझी तक्रार इथे आहे. इंग्रजी कायद्याने गोष्टीतला प्रश्न उचलला आणि त्याला कुंपण घातलं. गोष्टीत मात्र कुंपणच मोडलंय. म्हणून इंग्रजी कॉमन लॉमध्ये आजही अनोळखी पोर गुडघाभर पाण्यात बुडत असेल तर काठावर हात बांधून उभं राहणं हा सहसा गुन्हा नाही. जर्मनी-फ्रान्समध्ये तो आहे. १९९७ मध्ये डायनाच्या अपघातानंतर फोटोग्राफरांची चौकशी फ्रान्समध्ये मदत न केल्याच्या कलमाखालीही झाली होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९५९ मध्ये ज्याला गुड समॅरिटन कायदा म्हणतात तो केला. पण तोसुद्धा 'मदत करच' म्हणत नाही. मदत केलीस तर तुला ओढणार नाही, एवढंच म्हणतो. जो बेधडक थांबला त्याचं नाव, थांबायला घाबरणाऱ्यांसाठीच्या कायद्याला!

तरी त्या गोष्टीचा पगडा असा, की भांडणारे दोन्हीकडून तिलाच पकडतात. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर १९८० मध्ये टीव्हीवर म्हणाल्या, नुसता चांगला हेतू असता तर त्या समॅरिटनला कुणी लक्षात ठेवलं नसतं, त्याच्याकडे पैसेही होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग ३ एप्रिल १९६८ ला मेम्फिस शहरात संपावरच्या सफाई कामगारांसाठी बोलले तेव्हाही याच वाटेवर आले. यरीहोचा तो वळणावळणाचा रस्ता त्यांनी स्वतः गाडीने पाहिला होता. याजकाने विचार केला, थांबलो तर माझं काय होईल? शोमरोन्याने विचार केला, नाही थांबलो तर याचं काय होईल? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंगना गोळी घातली. एकच गोष्ट, एकीला त्यात भांडवल दिसलं, दुसऱ्याला रस्ता. थॅचरबाई चूक होत्या असं नाही, दोन दीनार खरोखरच लागले होते. आम्हाला तर डिपॉझिटच वीस हजार मागितलं.

पोरगा वाचला. पाय मोडलाय, प्लेट बसवलीय. आठवड्याने त्याच्या भावाचा फोन आला, "ताई, टेम्पोचा नंबर तुम्ही पाहिला होता ना?" पाहिला होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे मी रोज अशिलांना सांगते, आणि साक्ष द्यायची की नाही हे माझ्या मर्जीवर आहे, हेही मला पाठ. गेले चौकीत. हवालदारांनी जबाब लिहून घेतला, टेम्पोचा रंग, नंबर, वेळ. मग विचारलं, "जखमी तुमचे कोण?"

मी क्षणभर थांबले. त्यांनी वाट पाहिली नाही, सवयीने लिहिलं, 'सदर जखमी इसम माझ्या ओळखीचा अगर नात्यातला नाही', आणि सहीसाठी कागद माझ्याकडे फिरवला.