कोमल निषादातला कूलर

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख सध्या काळंनिळं झालंय आणि कूलर दुरुस्त केल्याचं श्रेय गल्लीभर शेजारच्या काकांच्या नावावर जमा आहे. दोन्हींतलं जास्त काय ठणकतं ते विचारू नका.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर पत्र्याचा एक अवाढव्य कूलर आहे, डक्टिंगवाला. आत पिंजऱ्यासारखा ब्लोअर, शेजारी मोटर, दोघांना जोडणारा रबरी पट्टा. गेल्या आठवड्यात ग्वाल्हेरचा पारा 45 वर गेला आणि नेमका तोच मुहूर्त साधून पट्टा किंचाळायला लागला. मिस्तरीला फोन केला. "कल सुबह पक्का, भाईसाब." असे चार 'कल' झाल्यावर रविवारी सकाळी साडेसहाला मीच पाना घेऊन वर चढलो.

चढण्याआधी मिनियापोलिसच्या भाच्याशी बोललो होतो. त्याच्या तळघरात घर तापवायची भट्टी आहे, तिलाही ब्लोअर असतो. ऋतू उलटा, यंत्र तेच. "मामा, नुसतं बटण नको, मेन बंद कर," हे त्याने तीनदा सांगितलं. त्याच्या भट्टीचं झाकण काढलं की आतली एक कळ आपोआप वीज तोडते म्हणे. आमच्या कूलरचं झाकण तीन उन्हाळे सुतळीने बांधलेलं आहे. ती सोडली की फक्त सुतळी सुटते. म्हणून मी बोर्डावरचा किटकॅट, म्हणजे फ्यूजचा चिनी मातीचा ठोकळा, उपसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

तोंडात बॅटरी धरून मी आत डोकावतोय, तोच मधला कठडा ओलांडून काका आले. आले ते थेट कूलरच्या पत्र्यावर चढून बसले. पत्रा कुईं करून वाकला. उतरा म्हटलं तर म्हणाले, "जयविलास महालाच्या छतावर झुंबरं टांगण्याआधी हत्ती चढवले होते रे. मी साठ किलोचा." मग माझ्या तोंडातली बॅटरी काढून घेतली आणि स्वतःला जे बघायचं होतं तिकडे धरली.

काका तरुणपणी दोन वर्षं माधव संगीत महाविद्यालयात जात. ते नाव घेताना "भातखंड्यांनी लक्ष घालून 1918 साली सुरू केलेलं" हे शेपूट लावल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. ग्वाल्हेर म्हणजे ख्यालाचं माहेर, मान्य. पण माहेरच्या प्रत्येक माणसाला गळा असतोच असं नाही. काकांना कान आहे, एवढं ते स्वतःच सांगतात.

"पट्टा आवळू नकोस," काका म्हणाले. "आधी सूर ऐकू दे. चालू कर."

"काका, मेन बंद आहे."

"मग तू काढून दाखव. कसा वाजायचा?"

इथे मी खाली बघून कामाला लागायला हवं होतं. पण लहानपणापासून या माणसासमोर पाढे म्हटले आहेत. एकोणपन्नासाव्या वर्षी, रविवारी सकाळी, गच्चीवर, मी "कीऽऽऽ" असा आवाज काढला.

काकांनी डोळे मिटले. "कोमल निषाद. पुन्हा."

मी पुन्हा काढला. का काढला, देव जाणे.

"छे. उतरलास. पट्टा बरा होता तुझ्यापेक्षा."

समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई हातातला पापड तसाच धरून बघत राहिल्या.

"आता असं कर," काका म्हणाले, "तानपुऱ्याची तार उतरली की खुंटी पिळतो ना? पीळ. षड्जाला आण."

मी समजावलं. पट्टा म्हणजे तार नव्हे. ढिला पडला की पुलीवर घसरतो, म्हणून किंचाळतो. पण तारेसारखा ताणला तर बेअरिंगचा जीव जातो. दोन पुल्यांच्या बरोबर मध्ये अंगठ्याने दाबला की अर्धा-पाऊण इंच दबला पाहिजे. काकांनी स्वतःचा अंगठा लावला, बॅटरीही त्या अंगठ्यावर धरली, आणि विद्यार्थी नापास करावा तसे म्हणाले, "जवारी गेलीय. सूत घालावं लागेल." (जवारी म्हणजे तानपुऱ्याची झणकार; ती यावी म्हणून तारेखाली सूत घालतात.) आणि बंडीच्या शिवणीतून सर्रकन हातभर दोरा उपसून माझ्या हातात दिला.

आता खरी चिडचिड इथे आहे. तो दोरा कामाला आला. पट्टा किंचाळतो तो कधी ढिला म्हणून, तर कधी दोन्ही पुल्या एका रेषेत नाहीत म्हणून. दोरा दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून ताणून धरला तर मोटरची पुली चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर आलेली. सुतानेच सुताचा फरक सापडला. पण हे मी माझ्या अकलेने केलं, जवारीच्या नव्हे, हे कुणाला पटवून द्यायचं?

मोटरच्या तळाचे चारही बोल्ट ढिले केले. पुली सरळ करून मोटर त्या लांबट भोकांतून हळूहळू मागे सरकवत होतो. डाव्या हातात मोटर, उजव्याची बोटं पट्टा आणि पुलीच्या मध्ये. आणि काका जिन्यात तोंड घालून ओरडले, "सूनबाई, चालू कर गं, ऐकू दे जरा!"

खाली बटण खटकन वाजलं. मला ते वरपर्यंत ऐकू आलं. मी दचकलो, मोटर सटकली आणि अंगठा चेपला. बाकी काही झालं नाही. किटकॅट माझ्या खिशात होता.

"लाइट गेली वाटतं," काका म्हणाले.

मी पाच मिनिटं कठड्याला टेकून बसलो. खिसा चाचपला. पुन्हा चाचपला.

कूलरच्या बाबतीत आपल्याकडे एकूणच हे असं आहे. आमच्या घरात वर्षानुवर्षांचा नियम होता: कूलरला हात लावायचा तर रबरी चप्पल घालून. करंट मारतो हे सगळ्यांना ठाऊक, पाहुण्यांनासुद्धा दारातच सांगायचो. कारण काय, तर एका मिस्तरीने अर्थिंगची तार कापून टाकली होती, "इसी से करंट आता है" म्हणून. पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप, आणि वाचवणारी एकुलती एक तार त्याने खोडसाळ ठरवली. मागच्या वर्षी मी ती जोडून घेतली. ईएलसीबी बसव म्हटलं तर म्हणे, "बार-बार लाइट जाएगी." अरे, जायलाच हवी! करंट गळला की लाइट घालवायची, एवढंच तर त्याचं काम. दर उन्हाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर दोन ओळी येतात, कूलरमध्ये पाणी भरताना कुणी गेलं म्हणून. आपण वाचतो, चप्पल घालतो, पाणी भरतो.

असो. बोल्ट आवळले, बेअरिंगला ग्रीस दिलं. काकांनी जाता जाता आणखी एक फर्मान काढलं: बाजूच्या खसच्या जाळ्या काढून ठेव, मोटरला मोकळा श्वास मिळेल, भार हलका होईल. या पिंजऱ्याच्या ब्लोअरचं नेमकं उलटं असतं. अडथळा काढला की तो जास्त हवा ओढतो, तेवढा मोटरवर भार वाढतो आणि ती तापते. हे मी सांगितलं नाही. अंगठा ठणकत होता.

किटकॅट बसवला, बटण दाबलं. आवाज नाही. नुसती खसच्या वासाची गार झुळूक.

संध्याकाळी ओट्यावर आठ-दहा जण जमले होते. "पोराला काही सुचेना," काका सांगत होते, "मी म्हटलं सूत घाल. घातलं. लागला की नाही षड्ज?" माझी बायकोही मान डोलावत होती. घरात शिरल्यावर मला म्हणाली, "काकांना उद्या साबुदाणा वडे नेऊन दे. केवढा वेळ बॅटरी धरून उभे होते बिचारे."

बॅटरी अजून त्यांच्याकडेच आहे.