माइक बंद करता येतो ना? मग विषय सोडल्यावर का नाही करत?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळी वेळेनुसार रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा भारतात सकाळचे साडेसहा झालेले असतात. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वाद बघायला परदेशातले लोकही बसतात, कारण तिथल्या आयातशुल्काचे, व्हिसाच्या नियमांचे आणि युद्धांचे चटके तिथे मतदानाचा हक्क नसलेल्यांनाही बसतात. आणि ऐकायला काय मिळतं? विचारलं एक, उत्तर भलतंच!

२७ जून २०२४, अटलांटा, सीएनएनचा स्टुडिओ, बायडन विरुद्ध ट्रम्प. नियम बघा. एकूण ९० मिनिटं, उत्तराला दोन मिनिटं, प्रत्युत्तराला एक. प्रेक्षक नाहीत. टिपणं आणायची नाहीत, जवळ फक्त पेन, कोरी वही आणि पाण्याची बाटली. पाच सेकंद उरली की लाल दिवा लुकलुकणार. पाळी दुसऱ्याची असेल तर तुमचा माइक बंद. सेकंदासेकंदाचा हिशोब! पण त्या दोन मिनिटांत विचारलेल्याचं उत्तर द्यायलाच हवं, असा नियम कुठेच नाही.

म्हणून काय झालं? पाळणाघरांचा खर्च आवाक्यात कसा आणणार, असं ट्रम्प यांना विचारलं, ते भलत्याच भांडणात शिरले. प्रश्न पुन्हा वाचून दाखवला, तरी पाळणाघर आलं नाही ते नाहीच. हवामान बदलावर विचारलं तर आधी वेगळंच, मग वेळ उरली म्हणून सूत्रधाराने आठवण करून दिल्यावर स्वच्छ पाणी आणि हवा. वयाबद्दल दोघांना विचारलं तर गोल्फ कोण चांगलं खेळतो यावर जुंपली. गोल्फ! देश चालवायला निघालेली माणसं आहेत ही.

सूत्रधारांना दोष देऊन भागत नाही. ते प्रश्न दुसऱ्यांदा विचारतात, तिसऱ्यांदाही. पण हातात अधिकार फक्त घड्याळाचा. मुळात माइक बंद करण्याचा हा उपाय आला तो एकमेकांचं बोलणं तोडू नये म्हणून: सप्टेंबर २०२० मध्ये क्लीव्हलँडला याच दोघांच्या वादात नुसता गोंगाट झाला, मग पुढच्या महिन्यात नॅशव्हिलच्या वादात प्रत्येक विषयावर एकाच्या पहिल्या दोन मिनिटांपुरता दुसऱ्याचा माइक बंद ठेवला. गोंगाट कमी झाला. टाळाटाळ तशीच राहिली, उलट आता ती शांतपणे, विनाअडथळा करता येते.

माइकचा धाक किती असतो ते १९७६ मध्येच दिसलंय. फिलाडेल्फियात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कार्टर यांच्या वादात आवाजाची यंत्रणा बिघडली आणि दोघं २७ मिनिटं आपापल्या जागी गप्प उभे राहिले. म्हणजे आवाज गेला की हे लोक थांबतात. मग वापरा ना तेच!

अवघड काहीच नाही. प्रश्न पूर्ण वेळ पडद्यावर खाली लिहिलेला ठेवा. पहिल्या ३० सेकंदांत विषयाला हात घातला नाही तर एकदा टोका. तरीही नाही, तर माइक बंद, आणि उरलेली वेळ समोरच्याला. प्रश्नांची संख्या निम्मी करा, म्हणजे उलटतपासणीला जागा मिळेल. आणि वाद संपल्या संपल्या कोण थकलेलं दिसलं, कुणाचा आवाज घोगरा होता, यावर तासभर दळण दळणाऱ्या विश्लेषकांना जरा थांबवा. त्याआधी कुठल्या प्रश्नांची उत्तरं आलीच नाहीत, ती यादी पडद्यावर दाखवा. उमेदवाराच्या नावासकट.