खाली काहीच नाही

परवा रविवारी सकाळी गच्चीवर गेलो, तर माझं स्विस चार्डचं सगळ्यात मोठं रोप मुळासकट उपटून बादलीवर आडवं ठेवलेलं. पलीकडे पहिल्या मजल्यावरच्या काकू प्लास्टिकवर साबुदाण्याच्या पापड्या घालत होत्या.

"बघितलं मी," मान वर न करता त्या म्हणाल्या. "खाली काहीच नाही."

याचं मूळ शुक्रवारचं. जुडी घेऊन जिना उतरताना काकूंनी अडवलं होतं.

"बीट का रे?"

"नाही काकू, स्विस चार्ड. बीटाच्याच जातीतलं, पण पानं आणि देठ खायचे."

"आणि बीट?"

"याला बीट धरत नाही."

"धरत नाही म्हणजे? खत घालतोस ना?"

"शेणखत घालतो. पण धरायचंच नसतं त्याला."

"बी केवढ्याचं?"

इथे मी खरं बोललो. "ऐंशी रुपये."

काकूंनी हातातली पिशवी पायरीवर टेकवली. "ऐंशी रुपये. आणि बीट नाही."

"एका बीतून दोन-तीन रोपं येतात, काकू."

"म्हणजे तिप्पट फसवलं. जांभळी नाक्यावर बीट घेतलं की पाला फुकट मिळतो, माहितीये? परत कर ते बी."

"दिवाळीत पेरलंय हो!"

"पावती असेल ना?"

स्वित्झर्लंडचं नाव मी काढलंच नाही, ते बरं झालं. कारण ही भाजी मुळात तिथली नाहीच, भूमध्य समुद्राकडची. हे कळलं असतं तर काकूंनी मला ग्राहक मंचात नेऊन बसवलं असतं.

हसू येतं, पण खरं सांगू? पोटात तुटलं. बाहेरची दोन-तीन पानं बुडाशी खुडायची, मधल्या गाभ्याला हात लावायचा नाही, की तेच रोप महिनोन्महिने पानं देत राहतं. तीन महिने मी घरातल्यांना त्या गाभ्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. तक्रार करायची तर कुणाकडे? गच्चीवर कुंड्या ठेवल्याने स्लॅब गळतो, अशी सोसायटीची नोटीस माझ्याच नावाने लागली आहे. थर्टी फर्स्टला त्याच स्लॅबवर पन्नास माणसं नाचली, तेव्हा तो गळत नव्हता. मेंटेनन्स मात्र मी वेळेवर भरतो.

असो. उपटलेलं टाकवेना. परातभर पानं निघाली. लसणाच्या फोडणीत आधी देठ टाकले, ते शिजायला वेळ घेतात. मग पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दाणे आणि बेसन लावलेलं ताक. पानं बसून पातेल्याच्या तळाशी गेली आणि लाल देठांनी ताक असं गुलाबी केलं, की मुलीने विचारलं, "बाबा, यात रूह अफजा घातलंय?"

एक वाटी काकूंकडे पाठवली. शेजारधर्म. वाटी परत आली ती रिकामी नव्हती, चार तळलेल्या पापड्या आणि निरोप: "चव पालकाची आहे. मग पालकच लाव."

पापड्या उत्तम होत्या, त्याचाच जास्त राग आला.

आज संध्याकाळी पाणी घालायला वर गेलो. दुसऱ्या रोपाच्या बुडाशी कोणीतरी बोटभर माती उकरून पाहिली होती.