घड्याळाला विचारू नका

महागडं घड्याळ विकत घेणं सोपं. पैसे टाकले की झालं. ते न घालणं याला मात्र शिस्त लागते, आणि ती तुम्ही निष्ठेने पाळली आहे. सहा वर्षं तुमचं स्विस ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ, बँकेच्या लॉकरमध्ये गप पडून आहे. आता मनात पाल चुकचुकते आहे: सर्व्हिसिंगला टाकावं का?

पहिलं पथ्य म्हणजे हा प्रश्न घड्याळाला विचारायचा नाही. चावीचे तीस-चाळीस फेरे द्यायचे, मोबाइलवरच्या वेळेशी सेकंदकाटा जुळवायचा आणि चोवीस तासांनी पुन्हा पाहायचं, की ते किती पुढे-मागे आहे ते कळतं. दिवसाचे सेकंद ८६,४००. अचूकतेचं ‘क्रोनोमीटर’ प्रमाणपत्र देणारी स्वित्झर्लंडची कोस्कसुद्धा रोज सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा देते. मग मनगटावरून उतरवून ठेवलं की भरलेल्या चावीवर कंपनीने सांगितलेले तास ते चालतं का, तेही पाहता येतं. म्हणजे दोन-तीन दिवसांत, घरबसल्या आणि फुकटात निकाल! असल्या स्वस्त उत्तरासाठी का आपण लाखांनी पैसे मोजले?

एचएमटी जनता वापरणाऱ्या पिढीला हा पेच पडत नसे. सकाळी दाढी उरकली की चावी, रेडिओवर बातम्यांआधी पिप् वाजले की काटे जुळवायचे, आणि रोज मागे पडू लागलं की कोपऱ्यावरच्या दुकानात ‘ऑइलिंग’ला. पण ती माणसं घड्याळ वेळ पाहायला वापरत. त्यांचं काय घेऊन बसलात!

तुम्ही कॅलेंडरला विचारा. ओमेगा पाच ते आठ वर्षं म्हणते. रोलेक्स साधारण दहा म्हणते आणि ‘मॉडेल व वापरानुसार’ अशी पुस्ती जोडते. पुस्तीकडे दुर्लक्ष करा. तासाला २८,८०० ठोके घेणारं घड्याळ रोज चाललं तर वर्षाला पंचवीस कोटींवर ठोके होतात. तुमच्याने सहा वर्षांत त्याच्या महिन्याभराएवढेही घेतले नसतील. तरी काळजी त्याच्याइतकीच करा, घराण्याचा प्रश्न आहे.

सल्ला देणारे भेटतीलच. एक म्हणेल, बंद घड्याळातलं तेल गोठतं. पूर्वी खरंच तसं व्हायचं. एके काळी घड्याळांत डॉल्फिनसारख्या प्राण्यांच्या जबड्याचं तेल घालत, ते कालांतराने चिकट होई. आताची कृत्रिम तेलं बरीच टिकतात. अमर मात्र तीही नाहीत. दुसरा म्हणेल, चालतंय तोवर हात लावू नका. हा जास्त धोक्याचा, कारण तेल सुकलेलं मशीन बोंब न मारता चालत राहतं आणि पोलादी टोकं आतल्या आत झिजतात. दोघांचंही ऐका, म्हणजे आणखी दोन वर्षं निर्णय लागणार नाही.

एका यंत्रापासून मात्र सांभाळून राहा. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे टाइमग्राफर असतो. तो घड्याळ चिमट्यात आडवं धरतो, मायक्रोफोन टकटक ऐकतो आणि छोट्या पडद्यावर ठिपक्यांच्या दोन ओळी सरकू लागतात. ओळी सरळ आणि शेजारी-शेजारी, शिवाय पूर्ण चावीवर अ‍ॅम्प्लिट्यूड (आतलं बॅलन्स चाक किती झोका घेतं तो कोन) २७० अंशांच्या वर, तर बहुतेक मशीनं ठणठणीत समजतात. तोच आकडा २०० च्या आसपास लोळत असेल तर वेळ झाली. पाच मिनिटांत सहा वर्षांच्या चिंतेचा निकाल लावणाऱ्या माणसाकडे कशाला जावं? शिवाय तो रबरी गॅस्केटबद्दलही बोलेल: घड्याळ लॉकरमध्ये असलं तरी रबर कडक होतं, म्हणून पाण्यात नेण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या. तुम्ही कुठे पाण्यात नेताय? हात धुतानाही काढून ठेवता.

घड्याळ अचानक दिवसाला दोन-चार मिनिटं पुढे पळू लागलं तर बहुधा स्पीकरजवळ ठेवल्याने हेअरस्प्रिंगला (ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या आतल्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व लागलेलं असतं. ते उतरवणं काही सेकंदांचं काम. ऐकून घेऊ नका. पूर्ण ओव्हरहॉलच मागा, वर केसला पॉलिशही, म्हणजे तीक्ष्ण कडा गोल होतील.

एवढ्यानेही समाधान नसेल तर वाइंडर घ्या. कपाटात विजेवर गोल-गोल फिरणारी ती पेटी तुमचं घड्याळ दिवसरात्र चालू ठेवते. झीज रोज घालणाऱ्याएवढी आणि मनगट रिकामं. न घालता घड्याळ वापरण्याची इतकी परिपूर्ण सोय दुसरी नाही.

सर्व्हिसहून आलं की बिल आणि वॉरंटी कार्ड फाइलला लावा, घड्याळ परत लॉकरमध्ये. पुढच्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाला मात्र जरूर घाला. बाही थोडी वर ठेवा. मुहूर्ताला किती मिनिटं राहिली असं गुरुजींनी विचारलं तर गुपचूप खिशातला मोबाइल काढा. चावी द्यायची राहिली आहे.